कर्ज तुम्हाला मंजूर झालं, घराला अजून नाही

«काका, नमस्कार. मनीषनगरमध्ये एक जुना टू बीएचके फ्लॅट आम्हाला पसंत पडलाय. सौदा ५२ लाखांत ठरला. मालकाच्या डोक्यावर त्याच फ्लॅटचं १७ लाखांचं कर्ज बाकी आहे. गेल्या आठवड्यात आमच्या बँकेचं मंजुरीपत्र आलं, ४१ लाखांचं. आमच्याकडे १५ लाख साठलेत. ११ लाख घरात घातले की ४ लाख फर्निचरला उरतात. आता मालक म्हणतात, लोन पास झालं ना, मग आठ दिवसांत १० लाख बयाणा द्या, त्यातले ४ लाख रोख. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक बसलंय. दलालही तेच म्हणतो. बँकेतर्फे आलेल्या मुलानं सांगितलं की दीड लाखाचा विमा सक्तीचा आहे, तो कर्जातच घालू. यांना मिहानमध्येच दुसऱ्या कंपनीत जास्त पगाराची नोकरी मिळतेय, एक तारखेला रुजू व्हायचंय. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला तर रजिस्ट्रीत पैसे वाचतात म्हणे, खरं का? सासूबाईंना दसऱ्याला गृहप्रवेश करायचाय. मी खासगी शाळेत शिकवते. दहा लाख द्यावेत का? – एक वाचक, नागपूर»

ताई, दहा लाख देऊ नका. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण तुमच्या आठ दिवसांतले दोन-तीन पत्र पोचण्यातच गेले असतील.

मी बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षं काढली. या काळात लोकांचे सर्वांत जास्त पैसे कुठे अडकलेले पाहिले असतील, तर ते तुम्ही आज उभ्या आहात त्याच जागी: मंजुरीपत्र आणि रजिस्ट्री यांच्या मधल्या महिना-दीड महिन्यात. घरात पेढे वाटून होतात, दलाल म्हणतो ‘लोन पास’, आणि जन्माची पुंजी बयाण्यात जाते.

तुमच्या हातातलं पत्र तुमच्या दोघांच्या पगाराला मिळालेलं आहे. बँकेनं पगाराच्या स्लिपा पाहिल्या, फॉर्म १६ पाहिला, खात्याचा सहा महिन्यांचा उतारा पाहिला, ३०० ते ९०० मधला तुमचा सिबिल स्कोअर पाहिला, चालू हप्ते वजा केले आणि ठरवलं की ही माणसं ४१ लाखांचा भार उचलू शकतात. फ्लॅट तिनं अजून पाहिलेलाही नाही. पत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असेल, की ही मंजुरी मालमत्तेच्या कायदेशीर आणि तांत्रिक तपासणीच्या अधीन राहून दिली आहे. ती ओळ शोधा आणि तिच्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढा. पत्राची मुदतही तिथेच कुठेतरी लिहिलेली असते, बहुधा तीन ते सहा महिन्यांची. म्हणजे आठ दिवसांची घाई बँकेची नाही, मालकाची आहे.

माझ्या मेहुण्याची गोष्ट सांगतो. त्याचंही मंजुरीपत्र आलं होतं. त्यानं मला न विचारता पाच लाख बयाणा दिला, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी. बँकेचा इंजिनीअर मोजमापाला गेला तेव्हा कळलं, मंजूर नकाशा तीनच मजल्यांचा आहे. चौथा मजला कागदावर नव्हताच. बँकेनं त्या घरावर कर्ज नाकारलं. मेहुण्याची पत, पगार, स्कोअर सगळं जागच्या जागी होतं, पण घर नापास झालं. बयाण्याच्या कागदावर ‘कर्ज न झाल्यास’ याबद्दल एक अक्षर नव्हतं. चौदा महिने चकरा मारून दोन लाख परत आले. माझ्या बहिणीच्या पाटल्या त्या पाच लाखांत होत्या, म्हणून मला हे अजून बोचतं.

आता घराची परीक्षा कशी होते ते नीट समजून घ्या. बँकेचा पॅनेलवरचा वकील साधारण तीस वर्षांचा सर्च घेतो: जमीन मूळ कोणाची, लेआउट कोणी टाकलं (म्हणजे जमिनीचे प्लॉट कोणी पाडले), बिल्डरकडे कशी आली, पहिला खरेदीदार कोण, आणि आजच्या मालकापर्यंतची प्रत्येक कडी नोंदवलेल्या कागदानं जोडलेली आहे का. मधला मालक वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र आहे का, कोणी मुखत्यारपत्रावर विकलं असेल तर ते नोंदणीकृत होतं का, हे सगळं त्यात येतं. आपल्या नागपुरात याला आणखी एक पदर आहे. इथे कितीतरी लेआउट आधी पडली आणि नंतर नियमित झाली. अशा ५७२ आणि १९०० अनधिकृत लेआउटचं प्रकरण माहीत नाही असा नागपूरकर विरळा. त्यामुळे इथला वकील पहिल्यांदा विचारतो, ‘आरएल आहे का?’ म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासनं त्या भूखंडाला दिलेलं नियमितीकरणाचं पत्र. जमीन या प्रन्यासच्या (नासुप्रच्या) लीजची किंवा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, निघाली तर हस्तांतरणाची परवानगी लागते, आणि तिला वेळ लागतो. आखीव पत्रिकेवर (शहरी जमिनीच्या नोंदपत्रावर) किंवा सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरटॅक्सची पावती, आणि इमारत अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र, एवढ्या कागदांच्या झेरॉक्स मालकाकडून आजच मागा. मूळ कागद त्यांच्या बँकेत आहेत, पण झेरॉक्स घरी असतातच. जो मालक दहा लाख मागतो पण झेरॉक्स द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला तो फ्लॅट खुशाल घेऊ द्या.

नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून जुन्या दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे गोषवारे, तुम्हाला घरबसल्याही पाहता येतात. वकिलाचं काम त्यानं भागत नाही, पण मालकानं सांगितलेलं नाव आणि नोंदीतलं नाव एक आहे का, एवढं तर कळतं.

दुसरी परीक्षा मूल्यांकनाची, आणि इथे तुमचा हिशेब मला काळजीत टाकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. तुम्ही मधल्या गटात आहात. ५२ लाखांचे ८० टक्के म्हणजे ४१ लाख ६० हजार, म्हणून ४१ चा आकडा आला. पण बँक सौद्याची किंमत आणि तिच्या व्हॅल्युअरनं काढलेली किंमत यांतली जी कमी असेल ती धरते. जुन्या इमारतीत हे आकडे जुळतीलच असं नाही. समजा व्हॅल्युअरनं ४८ लाख लिहिले. त्याचे ८० टक्के ३८ लाख ४० हजार. मालकाला मात्र ५२ च द्यायचे आहेत. म्हणजे तुमच्या खिशातून ११ ऐवजी १३ लाख ६० हजार.

आणि रजिस्ट्रीचा खर्च तुम्ही धरलेलाच नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क घराच्या किमतीत धरत नाहीत, त्यामुळे त्यावर कर्ज मिळत नाही. नागपूर शहरात अधिभारांसह मुद्रांक शुल्क सात टक्क्यांच्या घरात धरा, तेही सौद्याची किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची, किंमत यांतली जी जास्त असेल तिच्यावर. ५२ लाखांवर ३ लाख ६४ हजार होतात. नोंदणी शुल्क एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे व्हॅल्युएशन अगदी पूर्ण आलं तरी ११ अधिक ३ लाख ९४ हजार, एकूण १४ लाख ९४ हजार. फर्निचरसाठी तुमच्याकडे चार लाख नाहीत, सहा हजार आहेत. आणि व्हॅल्युएशन ४८ आलं तर १७ लाख ५४ हजार लागतील, अडीच लाख कमी पडतील. बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, दलाली यात अजून आलेली नाही. म्हणून फर्निचरचा विचार सध्या बाजूला ठेवा, आणि हे गणित आज रात्री दोघांनी मिळून कागदावर मांडा.

तर बयाणा किती द्यायचा? मी तुमच्या जागी असतो तर लाख, फार तर दोन लाख, तेही खात्यातून खात्यात. चार लाख रोख देण्याचा विषयच काढू नका. घराच्या व्यवहारात आगाऊ म्हणून २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. हे मालकाला शांतपणे सांगा. बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं. तुमच्या बाजूनं नुकसान वेगळं आहे: रोख दिलेले चार लाख कागदावर येत नाहीत, आणि सौदा फिसकटला तर ते दिले होते हे तुम्ही सिद्ध कशानं करणार?

बयाण्याचा कागद पाचशेच्या मुद्रांकावर होईल. दलालाकडचा छापील नमुना जसाच्या तसा घेऊ नका. त्यात ही वाक्यं घालायला लावा: ‘खरेदीदाराच्या बँकेने या मालमत्तेच्या कायदेशीर अथवा तांत्रिक कारणावरून कर्ज नाकारल्यास, विक्रेता संपूर्ण बयाणा रक्कम पंधरा दिवसांच्या आत, कोणतीही कपात न करता परत करील.’ ‘बँकेच्या मूल्यांकनानुसार कर्जाची रक्कम कमी झाल्यास खरेदीदारास सौदा रद्द करण्याचा अधिकार राहील व बयाणा वरीलप्रमाणे परत मिळेल.’ दुसऱ्या वाक्यावर मालक कुरकुर करतील. पहिल्यावर करू लागले तर उठून या. मालकाचं १७ लाखांचं कर्ज, त्यांच्या बँकेचं नाव, खातं क्रमांक हेही कागदात आलं पाहिजे, आणि रजिस्ट्रीसाठी निदान ४५ ते ६० दिवसांची मुदत ठेवा.

मालकाचं कर्ज आहे म्हणून घाबरू नका. उलट एका अर्थी बरं, कारण एका बँकेनं ते कागद आधी तपासून मूळ प्रती आपल्या तिजोरीत ठेवल्या आहेत. मात्र पैसे कोणत्या वाटेनं जातात हे माहीत असू द्या. मालकानं आपल्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि ताब्यातल्या मूळ कागदांची यादी आणायची. ती तुमच्या बँकेला जाते. मग तुमच्या कर्जातले १७ लाख, किंवा त्या दिवशी व्याजासह जो आकडा असेल तो, थेट मालकाच्या कर्जखात्यात जातात, मालकाच्या हातात नाही. उरलेले मालकाला. ‘तुम्ही मला द्या, मी माझं कर्ज फेडतो’ असं ते म्हणाले तरी ऐकू नका, माणूस कितीही भला असो. कर्ज फिटलं की त्यांच्या बँकेनं मूळ कागद ३० दिवसांत सोडले पाहिजेत. डिसेंबर २०२३ पासून, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाईचा नियम आहे. ते कागद मालकाच्या पिशवीतून घरी न जाता थेट तुमच्या बँकेकडे यावेत, हे आधीच लेखी ठरवा. आणि गहाणांची जी केंद्रीय नोंद असते, बँकेतले लोक तिला सरसाई म्हणतात, तिथला जुना बोजा उतरला का हे महिन्याभरानं बँकेला विचारा. हे विचारायचं लोक हमखास विसरतात.

सौदा ५० लाखांच्या वर असल्यानं एक टक्का टीडीएस तुम्हाला कापावा लागेल. एकूण ५२ हजार. तो मालकाला न देता त्यांच्या पॅनवर सरकारजमा करायचा, आणि बयाण्यापासूनच प्रत्येक रकमेवर कापायचा. हे काम सीएकडून करून घ्या, हजार-दोन हजारांसाठी ओढाताण करू नका.

यांच्या नोकरीबद्दल. बँकेनं कर्ज आजच्या कंपनीच्या पगारावर मंजूर केलंय. पैसे सोडण्याआधी बँका पुष्कळदा कंपनीत फोन करून माणूस तिथेच आहे का याची खात्री करतात. नव्या जागी प्रोबेशन असेल तर मंजुरी पुन्हा तपासायला जाते, कधी रक्कम कमी होते, कधी सहा महिने थांबायला सांगतात. पगार वाढतोय हे खरं, पण बँकेच्या लेखी वाढीव पगारापेक्षा टिकलेली नोकरी मोठी. नव्या कंपनीला विचारून पाहा, रुजू होण्याची तारीख दोन महिने पुढे जाते का. नाहीच गेली आणि नोकरी खरोखर चांगली असेल, तर सोडू नका. ऑफर लेटर घेऊन आजच बँकेत जा, आणि नव्या पगारावर मंजुरी लेखी दुरुस्त करून घेईपर्यंत बयाण्याचा रुपयाही देऊ नका. राजीनामा देऊन झाला असेल तर मुळीच लपवू नका. आणि रजिस्ट्री होईपर्यंत नवा फ्रीज, मोबाइल, काहीही हप्त्यावर घेऊ नका.

विमा. कर्जासोबत आयुर्विमा घेण्याची सक्ती कोणत्याही नियमात नाही. इमारतीचा आगीपासूनचा विमा बँक करारात मागू शकते, तो स्वस्त असतो. त्या मुलाला म्हणा, ‘सक्तीचा आहे हे बँकेच्या लेटरहेडवर लिहून द्या.’ ते लिहून मिळणार नाही. दीड लाख कर्जात घातले आणि दर साडेआठ टक्के धरला, तर वीस वर्षांत त्यापोटी तुम्ही सुमारे ३ लाख १२ हजार फेडाल. कवच मात्र हवंच, तेवढं मी ठामपणे म्हणतो. दोन पगारांवर ४१ लाख घेता आहात. यांचा आणि जमल्यास तुमचाही वेगळा टर्म विमा बाहेर घ्या, तुम्ही एकमेकांचे वारसदार. तो कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी तुमच्यासोबत राहतो.

या सगळ्या खर्चांचा आरसा म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, कर्जाच्या ठळक बाबींचा कागद. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला बँकेनं ते द्यायचंच आहे, आणि कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. मराठीत मागा. त्यात शुल्क आणि विमा धरून कर्जाचा खरा वार्षिक दर किती पडतो ते लिहिलेलं असतं. ४१ लाखांचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ३५ हजार ५८० येतो, आणि पहिल्या महिन्यात त्यातले २९ हजार निव्वळ व्याजात जातात. म्हणून बदलत्या दराच्या कर्जात दंड न भरता मधेच मुद्दल भरण्याची जी सोय आहे ती वापरा. पहिल्या पाच वर्षांत भरलेले पन्नास हजार शेवटी भरलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त काम करतात.

नावाचं विचारलंत. हो, महाराष्ट्रात निवासी घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तुमच्या बाबतीत ५२ हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. मालक एकट्या तुम्ही असलात तरी कर्जात ते सहकर्जदार राहू शकतात, आणि तुमचा पगार पाहता बँक तसं मागेलच. एक बाजू तपासा: व्याजाची आयकर वजावट घराचा मालक असलेल्यालाच मिळते. यांनी जुनी करप्रणाली ठेवली असेल तर दरवर्षी दोन लाखांपर्यंतची वजावट हातची जाईल, आणि ते नुकसान ५२ हजारांपेक्षा मोठं होईल. नव्या प्रणालीत असतील तर स्वतः राहत्या घराला ती वजावट नाहीच. मग तुमच्या एकटीच्या नावावर घ्यायला माझी पूर्ण संमती आहे. बाईच्या नावावर घर असलेलं मला आवडतं, हेही सांगून टाकतो.

रजिस्ट्रीच्या दिवसाचं फार नाही. दोन साक्षीदार, सगळ्यांचे आधार-पॅन, ऑनलाइन भरलेल्या शुल्काचं चलान, फोटो-अंगठा, झालं. बँकेचं व्याज मात्र पैसे प्रत्यक्ष हातातून गेल्या दिवसापासून लागलं पाहिजे. डीडी आधी काढून आठ दिवस बँकेच्या कपाटात पडला असेल तर त्या आठ दिवसांचं व्याज रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाचा हवाला देऊन परत मागा. कर्जाच्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल व्हावी लागते. बँकेचा माणूस करतो, पण जबाबदारी कर्जदाराची, म्हणून पावती मागून फाइलला लावा. मग फेरफार, मनपाच्या घरटॅक्सवर नाव, महावितरणचं मीटर.

राहिला दसरा. वकिलाचा रिपोर्ट, व्हॅल्युएशन, मालकाच्या बँकेची पत्रं, सगळं सुरळीत चाललं तरी चार ते सहा आठवडे जातात, आणि कुठेतरी एक कागद अडकतोच. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणा, दसऱ्याला आपल्याच घरी सोनं वाटू, आणि जमलं तर कलश दिवाळीच्या पाडव्याला ठेवू; तोही साडेतीन मुहूर्तांतलाच. आज संध्याकाळी मालकाला फोन करून फक्त झेरॉक्स मागा. ते काय उत्तर देतात ते मला कळवा, आणि बयाण्याच्या कागदाचा मसुदा सही करण्याआधी पाठवला तर मी तो ओळ न् ओळ वाचीन.